सुर्ला ते बांबोळी, आणि परत घरी

डिचोली तालुक्यातल्या सुर्ला, वेळगे, आमोणे, नावेली या पट्ट्यात गंभीर इजा होण्याच्या वाटा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. खाणीवरून खनिज भरून निघालेले टिपर मांडवीकाठच्या जेटीकडे जातात, तिथे खनिज बार्जमध्ये पडते आणि मुरगाव बंदराला पोचते. टिपर धावतात त्याच रस्त्याने शाळेची मुले, दुचाकीवरचे कामगार आणि साखळीच्या बाजाराला निघालेली माणसे जातात. २०१०-११ साली गोव्यातून होणारी लोहखनिजाची निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मधल्या काळात त्या काही वर्षे चालल्या, पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. २०२४ पासून डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे. दुसरी वाट उंचीवरून पडण्याची. नारळ पाडायला चढलेला पाडेली, फणस काढायला फांदीवर गेलेला घरधनी, पावसाच्या तोंडावर कौले परतायला छपरावर चढलेला मजूर यांच्या पाठीच्या कण्याला, कमरेच्या हाडांना आणि टाचांना मार बसतो. पेडण्याकडे तिसरी वाट मोठी आहे. पत्रादेवीपासून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपा विमानतळामुळे वाढलेली वर्दळ यांत सर्वाधिक उघडा पडतो तो दुचाकीस्वार.

अशा इजेवरचा उपचार रस्त्यावर सुरू होतो, रुग्णालयात आकार घेतो आणि घरी पुरा होतो. पहिल्या दोन टप्प्यांबद्दल आता लोकांना बरेच कळते. तिसऱ्याकडे मात्र कुटुंबाचे, गावाचे आणि पुष्कळदा व्यवस्थेचेही दुर्लक्ष होते. वाचलेला माणूस पुन्हा शेतात उतरेल का, ट्रक चालवेल का, की पडवीत खुर्चीवर बसून राहील, याचा निकाल बहुतेक वेळा याच टप्प्यात लागतो.

पहिला तास

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले तर त्यातले लिटर-दीड लिटर रक्त मांडीच्या स्नायूंमध्येच साचते; बाहेर थेंबही दिसत नाही. कमरेचा सांगाडा फुटला तर याहून जास्त रक्त पोटाच्या तळाशी जाते. तरुण शरीर हा तोटा काही काळ लपवते. नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब टिकून राहतो. तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्त गेले की तो एकदम कोसळतो. ‘बोलत होता, पाणी मागत होता आणि अचानक गेला’ असे अपघाताच्या जागी जे ऐकू येते, त्यामागे पुष्कळदा हे आतले रक्त असते. तहान, अस्वस्थता, घामेजलेले गार कपाळ ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा माणसाला पाणी वा चहा पाजू नये. पुढे भूल द्यावी लागली तर पोटातले फुप्फुसात जाण्याची भीती असते.

अमेरिकेतील बाल्टिमोर इथले शल्यविशारद आर. ॲडम्स काउली यांनी या काळासाठी ‘सुवर्णतास’ ही कल्पना रूढ केली. साठाव्या मिनिटाला काही दार बंद होत नाही. श्वासमार्ग अडलेला माणूस चार-पाच मिनिटांत जातो, तर साधे मोडलेले मनगट दिवसभर थांबू शकते. पण रक्त वाहत असेल तर लवकर पोचण्याला तोड नाही. २०१०-११ मध्ये ४० देशांतील २०,००० हून अधिक रुग्णांवरच्या ‘क्रॅश-२’ या अभ्यासाने दाखवून दिले, की रक्ताची गाठ टिकवून धरणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध इजेनंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. पहिल्या तासात दिले तर लाभ सर्वांत जास्त. तीन तासांनंतर दिले तर उलट अपायाची शक्यता.

गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून आहे. ती येईपर्यंत जवळच्या माणसांना करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांनी जीव वाचतात. वाहत्या जखमेवर स्वच्छ कपड्याची घडी ठेवून तळहाताने सरळ, जोराचा दाब द्यावा आणि तो सोडून सारखे डोकावून पाहू नये. बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा श्वास घेत असेल तर त्याची जीभ मागे पडलेली असते; जबडा पुढे उचलला की श्वास मोकळा होतो. उंचावरून पडलेल्या किंवा वाहनाखाली आलेल्या माणसाचा कणा मोडलाच आहे असे धरून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी त्याला एकदम उचलावे. दोघांनी काखेत आणि गुडघ्यांत धरून रिक्षात कोंबले, तर जखमी मज्जारज्जूवर दुसरा घाव बसतो.

नडगी मोडली असेल तर माडाच्या झावळीचे दोन जाड देठही आधाराला पुरतात. त्यांची लांबी मांडीच्या मध्यापासून घोट्याच्या खालपर्यंत हवी, म्हणजे मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतात. पंचा किंवा जुने लुगडे फाडून केलेल्या पट्ट्या मोडीच्या वर-खाली बांधाव्यात, नेमक्या मोडीवर नाही. मग अंगठ्याचे नख दाबून पाहावे: पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा लाल झाले तर रक्त पायाच्या टोकापर्यंत पोचते आहे, नाही झाले तर पट्ट्या सैल कराव्यात. एवढ्या साध्या गोष्टीचे मोल पहिल्या महायुद्धात कळले. वेल्समधल्या ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात घडवलेला पायाचा आधार आघाडीवरच बांधायला सुरुवात झाली आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूंत मोठी घट झाली. तुटून पडलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर गोठून निकामी होते.

पोलिसांचे झंझट मागे लागेल या भीतीने लोक मागे सरतात, तिला आता आधार उरलेला नाही. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. जखमीला नेणाऱ्याने नाव सांगणे वा साक्षीदार होणे हे त्याच्या मर्जीवर आहे.

गोमेकॉच्या दारात

सुर्ल्याहून आमोणे पूल ओलांडला की माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत बांबोळीला जाता येते. साखळी आणि डिचोलीला सामाजिक आरोग्य केंद्रे आहेत, म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा रुग्णालय. पण मेंदूची शस्त्रक्रिया, रक्तवाहिनी जोडणे, अनेक अवयवांच्या इजा यांसाठी शेवटी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉच गाठावे लागते. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा वारसा या संस्थेकडे आहे. नियम असा, की श्वास अडला असेल किंवा रक्त थांबतच नसेल तर पहिल्या आरोग्य केंद्रावर थांबून तेवढे सावरावे. एरवी मधल्या ठिकाणी क्ष-किरण काढण्यात वेळ दवडू नये.

अपघातविभागात क्रम ठरलेला असतो: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्धी, आणि मग अंगावरचे सगळे कपडे कापून डोक्यापासून टाचेपर्यंत तपासणी. नातेवाइकांना वाकडा झालेला पाय दिसत असतो आणि डॉक्टर त्याकडे बघत नाहीत म्हणून ते चिडतात. पण वाकड्या पायाने माणूस लगेच दगावत नाही; छातीत कोंडलेल्या हवेने दगावतो. शुद्धी मोजण्यासाठी ग्लासगो इथे १९७४ मध्ये तयार झालेले मोजमाप वापरतात: डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन एकूण ३ ते १५. एक गुण काही सांगत नाही, तासागणिक तो चढतो की उतरतो यावर नजर असते. डोक्याला मार लागल्यावर माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो, तेव्हा कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असते. म्हणून मार लागल्यानंतर वाढती डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी दिसली तर रात्र असो की पाऊस, परत जावेच लागते. हेल्मेट या सगळ्याच्या आधीचे औषध आहे. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार त्याने दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

अतिरक्तस्रावाने शरीर गार पडते, रक्त आम्लधर्मी होते आणि गोठण्याची शक्ती गमावते. तिन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात. अशा वेळी चार-पाच तासांची सफाईदार शस्त्रक्रिया रुग्णाला पेलत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत शल्यविशारदांनी वेगळी रीत घालून दिली: आधी रक्त थांबवायचे, फाटलेले आतडे बांधून टाकायचे, पोट तात्पुरते झाकायचे, रुग्णाला अतिदक्षता विभागात ऊब आणि रक्त द्यायचे आणि एक-दोन दिवसांनी उरलेले काम पुरे करायचे. मोडलेल्या पायालाही बाहेरून सळ्यांची चौकट बसवून थांबतात. पुन्हा शस्त्रक्रियेला नेणार म्हणजे पहिल्यांदा काही चुकले, असा नातेवाइकांचा समज होतो. हे टप्पे मुद्दाम आखलेले असतात.

खाणपट्ट्यातल्या उघड्या मोडीत एक अडचण जास्तीची असते. हाड कातडीतून बाहेर आलेले आणि जखमेत खनिजाची लाल माती, डिझेल, टायरखालचा चिखल भरलेला. ही माती नुसत्या पुसण्याने जात नाही. काही लिटर सलाईनने जखम धुतात, मेलेले स्नायू कापून काढतात. मग जखम शिवून न टाकता उघडी ठेवून ४८ तासांच्या सुमारास पुन्हा पाहतात, कारण पहिल्या दिवशी जिवंत वाटलेला स्नायू दोन दिवसांनी काळा पडलेला असू शकतो. प्रतिजैविक पहिल्या तासाभरात आणि धनुर्वाताची लस ही त्याच्या बरोबरीची कामे.

चाकाखाली किंवा ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या पायाची गोष्ट आणखी फसवी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्यातून सुखरूप काढलेली माणसे काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून मरत होती. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले: चिरडलेल्या स्नायूंतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकते. म्हणून अशा माणसाला शक्य तर सोडवतानाच शिरेतून भरपूर सलाईन सुरू करतात. गडद, कॉफीच्या रंगाची लघवी हे त्याचे पहिले चिन्ह.

इथेच हाडवैद्याचा विषय येतो. गावातला हाडवैद्य मुरगळलेला घोटा चोळून देतो, लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो आणि तो हाकेच्या अंतरावर असतो. पण ताज्या मोडीवर पट्ट्या आणि लेप आवळून बांधले की आत सूज वाढते आणि तिला जागा उरत नाही. स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढून रक्त थांबते. बोटे ताणली तर असह्य वेदना, मुंग्या, बधिरपणा ही चिन्हे दिसल्यापासून सुमारे सहा तासांत कप्पा उघडला नाही, तर स्नायू कायमचे मरतात. लहान मुलांत कोपराजवळच्या मोडीनंतर हात पंजासारखा आखडतो तो यामुळेच. प्लास्टर घातल्यावरही हा धोका असतो. वाढत्या दुखण्यावर गोळी घेऊन झोपू नये, प्लास्टर कापून घ्यावे.

घरी

डिस्चार्ज कार्ड हातात पडले की कुटुंब सुटकेचा श्वास घेते. हाड मात्र आत्ता कुठे जुळायला लागलेले असते. मोडीच्या जागी आधी रक्ताची गाठ होते, दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ जोड येतो, सहा ते बारा आठवड्यांत तो टणक होतो आणि पुढे वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ हाड आपला आकार सुधारत राहते. मनगट सुमारे सहा आठवड्यांत जुळते, नडगीला चार-सहा महिने लागतात. आतली सळई किंवा प्लेट हाड जुळवत नाही, ते जुळेपर्यंत धरून ठेवते. विडी-सिगारेट हे जुळणे लांबवते. तीन महिन्यांनंतरही पाऊल टाकताना मोडीच्या जागी कळ येत असेल, तर क्ष-किरण काढून घ्यायलाच हवा. न जुळलेल्या हाडांसाठी रशियातील कुर्गान इथे गॅव्ह्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली कड्यांची चौकट आज भारतभर वापरली जाते.

पहिले नुकसान स्नायूंचे होते. अंथरुणावर दोन आठवडे गेले की मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. गुडघा न हलवता ठेवला तर त्याची आवरणे चिकटतात. सपाट जमिनीवर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागते, जिन्याला ९० च्या पुढे लागतात, उकिडवे बसायला १२० हून जास्त. भातलावणी, चुलीपुढचे काम, देवळातली पंगत, जुन्या धर्तीचे शौचालय या सगळ्यांना तो शेवटचा वाकच लागतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितलेला व्यायाम अगदी साधा असतो: पाठीवर झोपून टाच गादीवरून हळूहळू नितंबाकडे ओढायची, थांबायचे, परत सरळ करायची, दिवसातून तीन-चार वेळा. तो दुखतो, म्हणून आई म्हणते, ‘आज राहू दे.’ सहा आठवडे असे राहिले की पुढे महिनोन्‌महिने झुंजूनही तो वाक पुरता मिळत नाही. मायेपोटी होणारे हे नुकसान घराघरांत होते आणि टाळता येते. पायावर किती वजन टाकायचे, कधीपासून टाकायचे, हे मात्र शल्यविशारदाला विचारूनच ठरवावे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर शिरेत गाठ झाली असेल. ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते.

आहाराबाबत गोव्यात आणि कोकणात एक समजूत घट्ट आहे: जखम असताना मासळी, कडधान्ये, अंडी खाल्ली की पू होतो. म्हणून आजाऱ्याच्या ताटात पेज आणि लोणच्याची फोड येते. पेज पचायला हलकी खरी, पण तिच्यात जखम भरायला लागणारी प्रथिने फारच थोडी. पू जंतूंनी होतो, बांगड्याने होत नाही. मोठ्या इजेनंतर शरीराला दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. मासळी, अंडी, कुळथाचे सार, मूग, दूध यांवर बंदी घालणे म्हणजे जखम उघडी ठेवणे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे याइतकेच महत्त्वाचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे आयुष्य घरच्या शुश्रूषेवर तोललेले असते. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी काम सुरू केले, तेव्हा असे रुग्ण दाबाच्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दोनेक वर्षांत मरतात असे गृहीत धरले जाई. गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम रात्रंदिवस पाळायला लावला आणि चित्र बदलले. हा नियम सुर्ल्यातल्या घरातही तसाच लागू आहे: रात्री गजर लावून, आळीपाळीने कूस बदलायची, माकडहाड, टाचा आणि कमरेची हाडे यांवरची कातडी रोज उजेडात पाहायची, लाल डाग दिसला की त्या कुशीवर निजवायचे नाही. लघवीसाठी ठरावीक तासांनी स्वच्छ नळी घालून काढून घेण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. रुग्णाला ती स्वतः शिकता येते आणि शिकला की तो घराबाहेर पडू शकतो. पुण्याजवळ खडकी इथे जखमी सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. नागरिकांसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते.

मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला; एक गोळी कण्यात रुतली. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरवल्यावर त्यांना पोहण्याची गोडी लागली आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक रुग्ण पदक आणणार नाही. पण पाण्यातला व्यायाम, नेमाने मिळालेली फिजिओथेरपी आणि जखमेकडे बघूनही माणसाकडून अपेक्षा ठेवणारी भोवतालची माणसे हे तिन्ही पेटकरांना मिळाले. तेवढे कोणत्याही तालुक्यात मिळायला हवे.

पाय कापावा लागला तर कृत्रिम पायाची तयारी टाके निघाल्यापासूनच सुरू होते. उरलेल्या भागाला टोकाकडून वर सैल होत जाणारी पट्टी बांधून त्याला निमुळता आकार देतात, गुडघा किंवा खुबा आखडू देत नाहीत; म्हणून त्याखाली उशी ठेवणे वाईट. नसलेल्या पायात वेदना होतात त्या खऱ्या असतात आणि त्यांवर उपचार आहेत. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये उभे राहिले. जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला रबरी पाय अनवाणी, चिखलात, उकिडवे बसून वापरता येतो. कोकण-गोव्याच्या पावसाला आणि शेताला तो मानवतो.

मनाची जखम कातडीच्या जखमेसारखी दिसत नाही. टिपरचा हॉर्न ऐकून दचकणे, तो रस्ता टाळणे, रात्री तेच चित्र पुन्हा दिसणे हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. महिन्यानंतरही टिकले तर मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. ‘जीव वाचला, आता रडतोस कशाला’ हे वाक्य अशा माणसाला गप्प करते, बरे करत नाही.

पैशाच्या बाबतीत काही वाटा कायद्याने दिलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा रोकडविरहित उपचार मिळतो. कामावर असताना इजा झाली तर मालकाकडे भरपाईचा दावा करता येतो. वाहनाच्या अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. दोन्हीकडे पुरावा लागतो तो कागदांचा: डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरणांची चित्रे, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या नोंदी. पहिल्या दिवसापासून ते एका पिशवीत जपून ठेवावेत. इजा स्थिरावल्यावर वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील आरक्षण आणि बऱ्याचशा सवलतींसाठी ती किमान ४० टक्के लागते, आणि त्या प्रमाणपत्रासाठीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.